अनवाणी दूधवाला

१

कुरवंड्याहून लोणावळ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर एक अवघड वाकण आहे. मार्गशीर्षातल्या एका सोमवारी सकाळी त्या वाकणाखालच्या ओढ्यात हौशीराम दूधवाला मरून पडलेला सापडला. गवताला निघालेल्या बायकांना आधी त्याची सायकल दिसली. तिचा पुढचा चिमटा, म्हणजे ज्यात चाक बसते तो भाग, मोडला होता. दोन किटल्या खडकांत लवंडल्या होत्या. हौशीराम चार हातांवर उताणा होता. छाती दबलेली, डोळे उघडे, पाय अनवाणी.

फौजदार आले, वाकणावर उभे राहिले, खाली पाहिले. कुणालाही सुचले असते तेच त्यांना सुचले. उतरणीला चिमटा तुटला, सायकल कडेवरून गेली, माणूस गेला. दिवे लागेपर्यंत साऱ्या बाजारपेठेला ते पाठ झाले होते.

सायकल बर्व्यांच्या दुकानात बनलेली होती. हवापालटाला आलेल्या पाहुण्यांना तासाच्या भाड्याने सायकली देण्यापासून चिंतामणी बर्व्यांनी सुरुवात केली. मग लढाई आली. पेट्रोल रेशनवर गेले, मोटारी लष्कराच्या कामाला लागल्या. एक दिवस पाववाल्याने विचारले की डोक्यावरची पाटी सायकलवर बसवता येईल का. चिंतामणींनी पुढचे चाक लहान केले, त्याच्यावर बैठी लोखंडी चौकट बसवली आणि चिमटा दुहेरी नळीचा केला. पाववाल्यामागून बर्फवाला आला, चिक्कीवाला आला, धोबी आला. लढाईच्या चौथ्या वर्षी दुकानात भाड्याच्या सायकलींपेक्षा ओझ्याच्या सायकलींना जास्त जागा लागू लागली. दर सायकल बाहेर जाण्यापूर्वी चिंतामणी तिच्यावर वाळूची पोती लादून स्वतः भांगरवाडीपर्यंत फिरवून आणीत.

गिऱ्हाईक पाहण्याचे काम त्यांच्या पत्नीचे, चंद्रिकाबाईंचे. कुरवंड्याच्या पाच घरांनी मिळून एक सायकल घ्यावी आणि हौशीरामाने तिच्यावरून सर्वांचे दूध खाली आणावे, ही कल्पना त्यांचीच होती. घराघरांत जाऊन ती पटवून दिली होती तीही त्यांनीच.

मंगळवारी दुकान उघडायच्या आत पाववाला आपली सायकल पायरीला टेकवून निघून गेला. त्याच्यामागून बर्फवाला आला, मग धोबी. दुपारपर्यंत पायरीपुढे सायकलींची रांग लागली. खंडाळ्याच्या वाटेवरच्या आरोग्यधामाकडून निरोप आला की त्यांच्या सायकलींचे काम तूर्त थांबवावे.

चिंतामणींनी भट्टीत पाणी ओतले.

"माझ्या डाखाचा जोड सुटून माणूस मेला असेल," ते म्हणाले, "तर रविवारी हत्यारे विकून टाकतो. भाड्याच्या सायकलींवर दोन वेळचे निघेल."

"असेल तर," चंद्रिकाबाई म्हणाल्या. "म्हणजे अजून ठरलेले नाही."

"फौजदारांनी ठरवले."

"फौजदारांनी सायकल कधी उघडून पाहिली आहे?"

मोडकी सायकल मागच्या पडवीत आणून टाकली होती. चिंतामणी तिच्याकडे बघायलाही तयार नव्हते. चंद्रिकाबाई एकट्याच गेल्या आणि चिमट्यापाशी बसल्या. भिंतीवर, झाडावर, टांग्यावर आदळून आलेल्या पाहुण्यांच्या सायकली त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. समोरून आदळलेल्या सायकलीचा चिमटा मागे, स्वाराच्या पायांकडे वाकतो. त्याला दुसरी गती नाही.

हा चिमटा पुढे वाकला होता.

त्यांनी चाक हाताने फिरवून पुन्हा पाहिले. चाक कुठेतरी अडकले होते आणि बाकीची सायकल त्याच्यापासून मागे ओढली गेली होती. हौशीरामाची सायकल कोसळली तेव्हा ती उतरणीला धावत नव्हती. ती मागे जात होती.

२

चिंतामणींना हे सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली. सकाळच्या वेळी दूध घेऊन उतरणारा माणूस मागे कसा जाईल, असे ते म्हणाले. पण नवऱ्याच्या तोंडून दोन दिवसांत निघालेला तो पहिला प्रश्न होता, आणि तेवढ्यावर त्यांनी पदर खोचला.

पहिली पाळी रखमाजीची. रखमाजी दुकानातला मिस्त्री. तो चिमटा त्यानेच जोडला होता. लढाईमुळे चांगले पितळ मिळेनासे झाले होते आणि तो जुनी भांडी वितळवून डाख देत असे, हे सगळ्यांना ठाऊक होते. रखमाजी खाली मान घालून उभा राहिला. आपण काम चोख केले असे तो म्हणेना, वाईट केले असेही म्हणेना. डाख सुटला असेल तर मला पोलिसांत द्या, एवढेच म्हणाला. चंद्रिकाबाई त्याला पडवीत घेऊन गेल्या. डाख जसाच्या तसा होता. नळी तुटली होती ती डाखाच्या खाली बोटभर, आणि तुटलेली कड वेडीवाकडी फाटलेली होती. रखमाजी तिथेच खाली बसला आणि पंच्यात तोंड घालून रडला.

कड फाटलेली होती, कापलेली नव्हती. त्यामुळे दुसऱ्या संशयिताकडे जाण्याचे खरे म्हणजे कारण उरले नव्हते. पण बाजारात दोन नावे घेतली जात होती. त्यांतले दुसरे होते अंबाजी गाडीवानाचे. ओझ्याच्या सायकली आल्यापासून त्याच्या बैलगाडीचे निम्मे काम गेले होते. दिवाळीत, भर चौकात, त्याने या सायकली एक दिवस ओढ्यात जातील असे म्हटले होते. नळीवर कुणीतरी करवत चालवली, अशी कुजबुज होती.

अंबाजी स्टेशनाबाहेर बैलांना वैरण टाकत होता. चंद्रिकाबाईंना पाहून त्याने हातातली पेंढी खाली ठेवली नाही.

"इचारा, बाई. समद्यांनी इचारलं, तुमीच ऱ्हायला व्हता," तो म्हणाला. "म्हनलो व्हतो मी. तोंड हाय मला, करवत न्हाई."

सोमवारी तो कार्ल्याला विटा पोचवत होता आणि ते पाहणारी माणसे होती. चंद्रिकाबाईंनी नळी कापलेली नाही हे त्याला सांगितले. तेव्हा तो जरा निवळला आणि त्याच्या मनातले भलतेच दुःख बाहेर आले. कुरवंड्याच्या देवळाची पायरी त्याच्या बापाच्या गाडीतून वर गेली होती. घाट बांधायचा चुना गेला होता. आता भैरवनाथाची जुनी मूर्ती तडकली, नथू पाथरवटाने नवी घडवली, ती वर गेलीसुद्धा, आणि अंबाजीला कुणी साधे विचारले नाही.

"सोमवारी कुरवंड्याची मानसं देवाच्या कामाला बैल जुपत न्हाईत, ठावं हाय मला. म्हादेवाचा वार. पर मंगळवारी काय आभाळ पडत व्हतं?" तो म्हणाला. "जाऊ द्या. देव मोठा झाला, गाडी ल्हान झाली."

चंद्रिकाबाईंनी ते ऐकून घेतले आणि त्या निघाल्या. हौशीरामाच्या मरणाशी त्या मूर्तीचा काही संबंध असेल असे त्यांना वाटले नाही. वेशीपलीकडच्या विहिरीशी पोचेपर्यंत तरी वाटले नाही.

३

उतरण जिथे संपते तिथे एक विहीर आहे आणि तिच्यावर झुकलेला उंबर. ओझे घेऊन उतरणारा प्रत्येक सायकलवाला इथे थांबतो, कारण इथे लोढणे सोडायचे असते.

लोढणे म्हणजे ऐनाचा एक ओंडका. द्वाड गुराच्या गळ्यात अडकवतात तसाच. त्या उतरणीला ब्रेक पुरत नसे, आणि लढाईत ब्रेकची रबरेही निकृष्ट मिळत. म्हणून उतरताना मागच्या चाकामागे दोरीने ओंडका बांधायचा. तो जमिनीवर घासत येतो आणि सायकलीला धरून ठेवतो. खाली आले की सोडायचा, आणि परतताना रिकाम्या चौकटीवर टाकून वर न्यायचा. ओंडका हरवला तर दुसऱ्या दिवशी उतरायचे कसे? ज्याचा त्याचा ओंडका वेगळा, आणि दुसऱ्याच्या ओंडक्याला कुणी हात लावत नसे. सरपणाला वणवणाऱ्या बायकासुद्धा नाही.

उंबराच्या बुंध्याशी एकच ओंडका उभा होता. त्याला काथ्याच्या दोरीऐवजी टायरची पट्टी होती. अशी पट्टी चिंतामणींनी एकट्या हौशीरामाला कापून दिली होती.

चंद्रिकाबाई विहिरीच्या काठावर बसल्या. ओंडका वर वाकणाजवळ, मोडक्या सायकलीपाशी सापडायला हवा होता. तो इथे होता. म्हणजे त्या सोमवारी हौशीराम ओझे घेऊन निघाला, वाकण ओलांडून सुखरूप खाली पोचला, लोढणे सोडले आणि त्यानंतर पुन्हा वर चढू लागला. चिमटा पुढे का वाकला ते आता उघड होते. चढावर ढकलत नेताना सायकल हातातून मागे घसरली होती.

पण रिकामी सायकल माणसाला ओढ्यात घेऊन जात नाही. आणि रिकामी होती, तर रोज वर जाणारे लोढणे त्या एका दिवशी का गेले नाही?

त्यांनी उंबराभोवती फेरी घातली. मागच्या बाजूला ढोली होती. तिच्यात, वारापाऊस लागू नये अशा बेताने आत सरकवून, वहाणांचा एक जोड ठेवलेला होता. टाचा घासलेल्या, तळाला टायरचे तुकडे ठोकलेले. उतरताना पाय जमिनीला घासून वेग आवरायचा तर असले तळ लागतात. अनवाणी पायाने ती उतरण कुणी उतरत नाही, आणि पंचांनी तर अनवाणी पाय पाहून वहाणा ओढ्याने नेल्या असे लिहून टाकले होते.

वहाणा कुठे वाहून गेल्या नव्हत्या. हौशीरामाने त्या स्वतः काढून ठेवल्या होत्या.

४

नंदाबाई, हौशीरामाची बायको, ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. चंद्रिकाबाईंना पाहून घरातल्या बायका उठून आत गेल्या. दुकानवाली आली, हे त्यांनी पुरेसे मोठ्याने म्हटले होते. नंदाबाई हलली नाही. बसा म्हणाली.

समाचाराचे शब्द झाले. चंद्रिकाबाईंनी वहाणा पदराखालून काढून पुढे ठेवल्या आणि कुठे सापडल्या ते सांगितले. नंदाबाईने त्या जवळ ओढल्या, एकीवरची माती बोटाने पुसली आणि बराच वेळ पुशीत राहिली. मग ती बोलली, आणि ती वाट पाहत असल्यासारखी बोलली.

"बाई, त्या दिशी सोमवार व्हता. मार्गशिरात सोमवारचं दूध गावातलं कुनी इकत न्हाई. देवाचं आसतं त्ये."

"मग किटल्या?"

"त्येच मी म्हनते. आमच्या म्हशीचं दूध घरात हंड्यात व्हतं. मग ह्यांनी किटल्यांत काय नेलं?"

तिने हे सासऱ्यांना विचारले होते. सख्खा सासरा नव्हे, हौशीरामाचे चुलते महिपती आबा. भैरवनाथाच्या देवळाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे असे. त्यांनी सांगितले की खाली कुणी आजारी माणूस दुधावाचून अडला होता, म्हणून देवाचे दूध मीच त्याला न्यायला दिले. पण रिकाम्या किटल्या घरी आल्या तेव्हा तिने त्या हुंगल्या होत्या. रविवारी तिनेच घासून उन्हात पालथ्या घातल्या होत्या. तेव्हापासून त्यांना दुधाचा थेंब लागला नव्हता.

चंद्रिकाबाई निघाल्या तेव्हा देवळापुढे मांडव घालण्याचे काम चालू होते. शनिवारी मूर्तीची स्थापना होती. महिपती आबा स्वतः उभे राहून वासे लावून घेत होते. साठीला आलेला, उंच, ताठ माणूस. त्यांनी चंद्रिकाबाईंना नमस्कार केला तो एकाच हाताने. उजवा हात काखेपासून नुसता लोंबत होता. वासे चढवताना दुखावला, ते म्हणाले. वासे चढवणाऱ्या पोराने त्यांच्याकडे चमकून पाहिले आणि मान खाली घातली.

"देव गाडीतून आला का, आबा?" चंद्रिकाबाईंनी सहज विचारल्यासारखे विचारले.

"न्हाई. मी आनला. डोक्यावरनं."

"कधी?"

महिपती आबांनी वाशाकडे पाहिले. "सोमवारी," ते म्हणाले.

५

लोणावळ्यात परतल्यावर नथू पाथरवटाला फार विचारावे लागले नाही. मूर्ती दीड मणाच्या आसपास भरेल, तो म्हणाला. एक गडी उचलील, पण तेवढा चढ चढायला दोघे तरी हवेत. आणि पाथरवटाच्या हातून निघालेला देव आसनावर बसेपर्यंत भुईला टेकता कामा नये. नेणाऱ्याने वहाण घालू नये. वाटेत टेकला तर तो तिथलाच झाला, मग त्याला हलवता येत नाही. सोमवारी पहाटे महिपती आबांनी मूर्ती त्याच्या दारातून नेली. सोबत कोण होते ते नथूने पाहिले नव्हते. त्याने मूर्ती आबांच्या हातांत दिली आणि रीतीप्रमाणे पाठ फिरवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रिकाबाई पुन्हा वर गेल्या. मांडव रिकामा होता. देवळात महिपती आबा एकटे होते. मूर्ती लाकडी पाटावर, धूतवस्त्रात झाकून ठेवलेली होती.

त्या पायरीवर बसल्या आणि आवाज न चढवता बोलत गेल्या. सायकल चढावर मागे गेली हे चिमट्याने सांगितले. ती त्याआधी ओझ्यासह खाली उतरली हे लोढण्याने सांगितले. सोमवार असल्याने ते ओझे दुधाचे नव्हते. म्हणजे माणसाचे असणार, चौकटीवर बसवून आणलेल्या. परतताना लोढणे खालीच ठेवले, कारण चौकटीवर अशी वस्तू होती की तिच्या शेजारी गुराच्या गळ्यातला ओंडका ठेवणे कुणालाही रुचले नसते. वहाणा काढल्या त्याचे कारणही तेच. बैल सोमवारी जुंपायचे नव्हते, गावातले धट्टेकट्टे गडी लढाईच्या कामांवर गेलेले, आणि वार देवाचाच साधायचा होता. सायकलीवर देव अधांतरी येतो, भुईला लागत नाही.

"पुढे हौशीराम होता, मागून तुम्ही ढकलत होता," त्या म्हणाल्या. "किटल्या नंतर आल्या. त्या कोरड्या आहेत, आबा. आणि तुमचा हात वाशाने दुखावलेला नाही."

महिपती आबा उंबरठ्यावर बसले, मूर्तीकडे पाठ न करता.

"त्योच म्हनला," ते म्हणाले. "आबा, माझी सायकल हाय की. देवाला आसनावर बसवल्यागत नेतो."

वाकणावर आबांचा पाय खडीवरून सटकला. त्यांचा जोर सुटताच सायकल मागे आली. हौशीरामाने ती सोडली असती तर सायकल आणि मूर्ती दोन्ही ओढ्यात गेली असती, आणि तो वाटेवर उभा राहिला असता. त्याने सोडली नाही. चाक कडेच्या दगडाला अडकले, चिमटा कडकन मोडला, आणि तो मूर्तीला कवटाळून गेला. आबा खाली उतरले तेव्हा मूर्ती त्याच्या छातीवर होती.

"देव भुईला टेकला न्हाई, बाई," महिपती आबा म्हणाले. "येवढंसुद्धा न्हाई."

त्यांनी मूर्ती उचलली. आधी मांडीवर, मग खांद्यावर, मग डोक्यावर. तेव्हाच दंडात काहीतरी तुटले. गावात ती आणून पाटावर ठेवली आणि मग ते ओढ्यात परत गेले. गोठ्यातल्या किटल्या त्यांनी बरोबर नेल्या, कारण देवाने वाटेत माणूस घेतला असे झाले तर ती मूर्ती कुणी बसू दिली नसती. सायकलीने घेतला म्हटले की प्रश्न मिटला.

चंद्रिकाबाईंच्या लक्षात आले की गोष्टीतला एक तुकडा आबांनी गाळला आहे. ते परत गेले, असे त्यांनी म्हटले होते. मेलेल्या माणसासाठी कुणी आधी देव घरी पोचवून मग किटल्या घेऊन परत जाईलही. पण उतरून खाली पोचल्याच्या क्षणाबद्दल ते काहीच बोलले नव्हते.

"तुम्ही मूर्ती उचललीत तेव्हा," त्यांनी विचारले, "तो जिवंत होता का?"

महिपती आबांनी दुखरा हात उचलून मांडीवर ठेवला.

"पानी मागत व्हता," ते म्हणाले. "वढ्याचं पानी हितं, हाताशी. पर डोक्यावर देव. वाकू कसा?"

६

नंदाबाईला सांगू नका, असे त्यांनी विनवले. तिला ते सोसणार नाही, आणि देवाने जिचा नवरा घेतला तिला गाव जगू देणार नाही. चंद्रिकाबाई उठल्या. आपण सांगणार नाही, त्या म्हणाल्या. पण दुकानापुढे सायकलींची रांग आहे आणि रविवारी नवरा हत्यारे विकणार आहे. त्याहून मोठे म्हणजे नंदाबाईने किटल्या हुंगल्या आहेत. ती विचारत राहील. तिला उत्तर देणारा माणूस जगात एकच आहे.

शनिवारी मांडवात सारे गाव जमल्यावर महिपती आबांनी सांगितले. सगळे सांगितले, पाण्यासकट. मग एकदम सगळे बोलू लागले. मूर्ती नथूकडे परत धाडा, ती बाधली, असे म्हणणारे होते. भुईला टेकली नाही ना, मग बसवा, असे म्हणणारेही होते. फौजदाराला कळवले पाहिजे हे चंद्रिकाबाईंनी मध्येच म्हटले, आणि ते कुणी नाकारले नाही. शेवटी पाटलांनी सगळ्यांना गप्प केले आणि नंदाबाईला विचारले.

ती बायकांतून उठून पुढे आली. मूर्तीकडे तिने पाहिले नाही. चुलतसासऱ्यापुढे कधी डोक्यावरचा पदर न ढळू देणारी ती बाई त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"दुसरं काय म्हनले का त्ये?"

"न्हाई. पानीच."

नंदाबाईने मान हलवली. पुढचे शब्द तिने पाटलांना उद्देशून म्हटले, पण ऐकायचे होते ते आबांनी.

"देव बसवा. ज्येच्यासाठी मानूस गेला त्यो परत धाडून काय मिळायचं? पर मामंजींनी त्येला पुन्यांदा हात लावायचा न्हाई. आन् पाच घरांचं दूध आता त्येंनी खाली न्यायचं."

"मला सायकल येत न्हाई, नंदे," महिपती आबा म्हणाले.

"शिका."

स्थापना झाली. वाजंत्री नव्हती. फौजदारांनी आबांची जबानी लिहून घेतली, अपघात तो अपघातच म्हणून कागद मिटला. आरोग्यधामातल्या डॉक्टरांना चंद्रिकाबाईंनी विचारले होते की तेव्हाच कुणी धावले असते तर तो वाचला असता का. छाती तशी चेपल्यावर सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. पाणी देता आले असते.

चिंतामणींनी सगळे ऐकले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली नाही. मोडका चिमटा त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतला, डाखावरून अंगठा फिरवला आणि तो कपाटात ठेवून दिला. रविवारी हत्यारे घ्यायला आलेल्या माणसाला त्यांनी चहा पाजून परत पाठवले. पाववाला आपली सायकल न्यायला आला तो मान वर न करता. बर्फवाला उगाच हवेबद्दल बोलत बसला. आरोग्यधामाने सायकली पुन्हा मागवल्या आणि वर आणखी दोन सांगितल्या, त्यांतली एक रोग्याला आडवे ठेवून नेता येईल अशी. रखमाजीने भट्टी पेटवली.

कुरवंड्याची नवी सायकल सगळ्यांत आधी बनली. ती न्यायला महिपती आबा आले. हात अजून पुरता वर जात नव्हता. चिंतामणींनी बैठक त्यांच्या उंचीला लावून दिली, दांडा कसा धरायचा ते दाखवले, ब्रेक दाबून घेतले. पाठीला हात देऊन त्यांच्याकडून दुकानापुढच्या सपाट रस्त्यावर दोन फेऱ्या मारून घेतल्या. रस्त्यावरची माणसे थांबून बघत होती. कुणी हसले नाही.

तिसऱ्या फेरीनंतर आबा उतरले. सायकलीचा दांडा त्यांनी घट्ट धरून ठेवला होता.

"चढावर मागं याया लागली, तर काय करायचं?" त्यांनी विचारले.

चिंतामणींनी त्यांची बोटे एकेक करून दांड्यावरून सुटी केली.

"सोडायची, आबा," ते म्हणाले. "सायकल मी पुन्हा करून देईन."